दिनानाथने सेव्ह न केलेला समेट

आमच्या गावात वाईट माणसं तीन-चारच असतील आणि त्यांचा मला काही त्रास नाही. ती शिव्या घालतात, मी परत घालते, फिटंफाट. मला त्रास होतो तो दिनानाथचा. कारण दिनानाथ चांगला माणूस आहे. माझ्या सासूबाई गोदूबाई अंगणात पडल्या तेव्हा हा पावसात रिक्षा घेऊन आला, म्हसळ्याला नेलं, रात्रभर बाकावर बसून राहिला. आणि त्याच माणसाने, त्याच हाताने, चौदा महिने आमच्या घराचं नेट बंद ठेवलं. विचारलं की चष्मा कपाळावर चढवायचा आणि म्हणायचा, "वहिनी, मी फक्त कमांड मारतो. निर्णय गावकीचा."

आमचं गाव डोंगराच्या खोबणीत आहे. मोबाइलला रेंज हवी तर वर देवळाच्या टेकाडावर चढायचं, आणि तिथेही वारा असला की ती येते, नसला की नाही. म्हणून मुंबईच्या मंडळाने वर्गणी काढून गावाला वायफाय आणलं. शाळेच्या छपरावर खांब आणि दिनानाथच्या पडवीत एक जुना कॉम्प्युटर. दिनानाथच्याच पडवीत का? तर तो तीस वर्षं हायवेवरच्या एका कंपनीत कंट्रोल रूमला होता. तिथे तो काटे बघायचा आणि वहीत लिहायचा. गावाच्या हिशेबी तो इंजिनियर! त्याच्या भाच्याने दोन दिवस बसून सगळं जोडून दिलं, प्रत्येक घराला घर नंबराप्रमाणे पत्ता दिला, आणि पुण्याला जाताना मामाला एका दोनशे पानी वहीत कमांडी लिहून दिल्या. दिनानाथने त्या वहीला ब्राउन पेपरचं कव्हर घातलं. खंडेनवमीला कॉम्प्युटरला हळदकुंकू लागतं, तेव्हा वहीलाही लागतं.

त्या कॉम्प्युटरमध्ये फायरवॉल आहे. म्हणजे वेशीवरचा राखणदार समजा. त्याच्याकडे यादी असते, याला जाऊ दे, त्याला नको. आता नीट ऐका, कारण पुढची सगळी बोंब यातूनच निघाली. ही यादी राखणदार तोंडपाठ ठेवतो, पण लाइट गेली की सगळी विसरतो. म्हणून ती एका फाईलमध्ये सेव्ह करायची. लाइट आली की कॉम्प्युटर शेवटची सेव्ह केलेली फाईल उघडतो आणि तिच्यात आहे तेच नियम जसेच्या तसे लावतो. याला म्हणायचं रिस्टोर. तुम्ही मधे काही बदललं असेल आणि सेव्ह केलं नसेल, तर ते गेलं. आणि आमच्याकडे लाइट किती वेळा जाते ते मी सांगायला नको. कॉम्प्युटरला बॅटरी आहे, पण ती मेली त्याला वर्ष झालं. नवीन बॅटरीचा विषय मंडळाच्या पुढच्या सभेत आहे. गेल्या सभेतही तो पुढच्याच सभेत होता.

सुरुवातीला यादीत कोणीच नव्हतं. यादी सुरू झाली तीच मुळी रंगूकाकीच्या घरापासून.

शिमग्यात देवाची पालखी घरोघर फिरते. रंगूकाकीच्या दारात आली तेव्हा काकी विहिरीवर होती, सून भात लावून बसली होती, आणि मुलगा ऋत्विक रात्रपाळी करून आत घोरत होता. ढोल वाजतोय, माणसं नाचतायत, आणि हा झोपलेला. पालखी दारातून तशीच परत फिरली. झालं! देवाचा अपमान. गावकी बसली, अध्यक्ष भागोजीकाकांनी घसा खाकरला आणि रंगूकाकीचं घर वाळीत. पूर्वी वाळीत म्हणजे पाणी, चक्की, लग्नकार्य, मयत. आता काळ पुढे गेलाय ना! कोणीतरी म्हणालं, "आनी वायफाय?" सगळे दिनानाथकडे बघायला लागले. दिनानाथने भाच्याला फोन लावला, भाच्याने कमांड सांगितली, दिनानाथने लाल पेनाने वहीत उतरवली. घर नंबर बारा, ड्रॉप. फाईलला नाव दिलं 'शिमगा'. ठराव मंजूर म्हणून सगळ्यांनी हात वर केले. आमच्या घरातून मी गेले होते. मीही केला.

मग आमची पाळी आली. माझा दोष एवढाच की मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी विचारलं, सगळ्या घरांना नेट सारखं असताना अध्यक्षांच्या घरी सिनेमा अडकत कसा नाही आणि आमच्याकडे साधा फोटो का उघडत नाही? विचारायला नको होतं का? वर्गणी आम्हीही दिली होती. पण त्या ग्रुपवर मुंबई, सुरत, दुबई, सगळीकडची माणसं. भागोजीकाकांचं नाक कापलं गेलं म्हणे. गणपतीत गावकी बसली. त्याच बैठकीत रंगूकाकीने देवापुढे नारळ ठेवून माफी मागितली, तिला आत घेतलं, आणि आम्हाला बाहेर काढलं. दिनानाथने बाराची ओळ पुसली, आमची, सत्तावीसची, लिहिली, सेव्ह केली. फाईलचं नाव 'गणपती'. एका बसणीत दोन कामं झाली म्हणून खूश होता.

चौदा महिने. चक्कीवाला माझा डबा ठेवून घ्यायचा आणि दळायचा नाही. माझ्याशी बोलेल त्याला दंड. माझे यजमान तळोज्याला कंपनीत, शनिवारी रात्री येतात, ते म्हणायचे, "कशाला तोंड उघडलंस?" आणि हा दिनानाथ संध्याकाळी काजूच्या झाडामागून, कोणी बघत नाही असं बघून, यायचा आणि मला ज्ञान द्यायचा. "वहिनी, तुम्हाला म्हाइत हाय का, दोन प्रकार असतात. रिजेक्ट आनी ड्रॉप. रिजेक्ट केला की समोरच्याला निदान कळतं, न्हाय म्हनलंय. ड्रॉपमधी उत्तरच द्यायचं न्हाय. तो बिचारा वाट बघत बसतो. भाचा म्हनला, मामा, ड्रॉपच करा, सेफ असतं." हे तो मला समजावतोय! ज्याला ड्रॉप केलंय त्याला! मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या बुद्धीला काय वाटतं याबद्दल?" तर म्हणे, "मी बुद्धी कुटं वापरतो, वहिनी." हे मात्र खरं बोलला.

शेवटी मी अर्ज केला. वाळीत टाकायला बंदी आहे, कायदा आहे, हे मला माणगावला माहेरी भावाने सांगितलं. तालुक्याहून साहेब आले, देवळाच्या सभामंडपात बसले, आणि गावकीने असा चेहरा केला की वाळीत हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला. "छे छे सायेब, आमी सगळे एक हाव." समेट झाला. साहेबांनी विचारलं, नेटचं काय? दिनानाथ उठला. शाळेचा प्रोजेक्टर आणलेला होता, भिंतीवर काळा पडदा आला, त्यावर पांढरी अक्षरं. दिनानाथने एका बोटाने टकटक करत, प्रत्येक अक्षर मोठ्याने वाचत, सत्तावीसची ओळ डिलीट केली. टाळ्या! भागोजीकाकांनी मला पेढा दिला, माझ्या यजमानांचा हात हातात घेतला, फोटो काढला. साहेब गेले.

तिसऱ्या दिवशी लाइट गेली, आली, आणि आमचं नेट बंद.

मी तडक पडवीत. दिनानाथ दात कोरत बसला होता. म्हटलं, "समेट झाला ना?"

"झाला की."

"मग?"

"ओळ काडली हुती. सेव न्हाय केली. मशीन चालू झाली की शेवटची फाईल घेते. शेवटची फाईल गणपतीची. त्यात तुम्ही हाव."

"मग सेव्ह करा!"

"सेव करायला ठराव लागतो, वहिनी," तो इतक्या शांतपणे म्हणाला की मला आधी कळलंच नाही. "शिमग्याला ठराव झाला, मी सेव केली. गनपतीला ठराव झाला, सेव केली. आता सायेबांसमोर नुसतं तोंडी झालं. लेखी कायच न्हाय. तोंडी सांगनं हाय म्हनून मी काडतो. पन सेव म्हंजी कायमचं. त्याला सही लागंल अध्यक्षांची."

आणि अध्यक्ष? "बघू की. हळूहळू. बैठक लागली की घेऊ विषय." म्हणजे बॅटरीच्या खाली आमचा नंबर.

तीन आठवड्यांत हे चार वेळा झालं. लाइट जायची, मशीन उठायची, गणपतीची फाईल लावायची, आम्ही पुन्हा वाळीत. मी पडवीत जायची, दिनानाथ वही उघडायचा, एका बोटाने ओळ काढायचा, "झालं बघा" म्हणायचा. चारही वेळा न कुरकुरता. जेवता जेवता उठून आला एकदा. मला त्याचा गळा दाबावासा वाटायचा आणि तो विचारायचा, "चा घेनार का?" त्याची बायको कमळ आतून माझ्याकडे बघायची आणि मान हलवायची. तिला तीस वर्षं झाली या माणसाबरोबर.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण माझ्या तेजस्वीची परीक्षा होती.

तेजू पनवेलला हॉस्पिटलात नर्स आहे. परदेशात नर्स म्हणून जायचं तर इंग्लिशची परीक्षा लागते, आणि ती घरी बसून कॅमेऱ्यासमोर देता येते. एकदा नापास झाली होती. ही दुसरी खेप, आणि नोकरी देणाऱ्यांची मुदत त्याच महिन्याची, म्हणजे तिसरी खेप नाहीच. परीक्षेला बंद दाराची खोली लागते, आत दुसरं कोणी नको. हॉस्टेलात एका खोलीत पाच जणी. म्हणून रविवारी घरी आली. त्यांचा नियम असा, की आधी कॅमेरा फिरवून खोली दाखवायची, पलंगाखालीसुद्धा. एकदा सुरू झालं की खुर्चीवरून उठायचं नाही, उठली की बाद. नेट गेलं तर अर्ध्या तासात परत जोडायचं, नाहीतर तेही बाद.

मी दिनानाथला आठवडाभर आधी सांगितलं. "रविवारी दहा ते दीड पडवीतून हलायचं नाही. लाइट गेली आणि आली की लगेच ओळ काढायची." त्याने ग्रामदेवतेची शपथ घेतली. मी मागितली नव्हती, आपणहून घेतली.

रविवारी परीक्षा दहाला सुरू झाली. अकराला दहा कमी असताना पंखा थांबला. दोन मिनिटांत फिरायला लागला. आतून तेजूचा आवाज आला, "आई, गेलं." बंद दाराआडूनच. उठली नाही, शहाणी पोर.

मी धावत पडवीत. पडवी रिकामी.

"अरे, कुठे आहेत हे?"

"माणगावला," कमळ म्हणाली. "भागोजीकाकांनी नेलं, सकाळीच. मांडववाल्याशी बोलायला."

"शपथ घेतली होती!"

"अध्यक्षांनी हाक मारली," कमळ म्हणाली. त्या तीन शब्दांत सगळं आलं.

तिनेच आपल्या फोनवरून व्हॉट्सॲप कॉल लावला. यांच्या घराचं नेट चालू, अर्थातच. दिनानाथ जीपमध्ये होता, मागे गाणी लागली होती. मी ओरडलेच. तो हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, हळू, काका फुडं बसलेत." पुढून भागोजीकाकांचा आवाज, "कोनाचा रे?" आणि हा, "घरून, गॅस संपला म्हनतायत."

मी म्हटलं, "ओळ काढायची कमांड सांगा. मी मारते."

"न्हाय जमायचं. ओळीचा नंबर घालावा लागतो. एक नंबर चुकला तर अख्ख्या गावाचं नेट जाईल, मग मला वाळीत टाकतील."

"दिनानाथ!" भाऊ वगैरे गळून पडलं. "माझ्या पोरीला पंचवीस मिनिटं उरलीत."

गाणं चालू. मग म्हणाला, "एक करता येतं. नवीन कायच करायचं न्हाय. जुनी फाईल रिस्टोर करायची. शिमग्याची. ती सेव हाय, मंजूर हाय, तिला नवा ठराव लागत न्हाय. वहीत पान सतरा. लिवलंय तसं उतरवायचं, शेवटी बाण, मग फाईलीचं नाव. आत्ताचं सगळं पुसून शिमग्याला हुतं तसं हुईल. शिमग्याला तुमचं घर चालू हुतं."

मी वही ओढलीच होती. पान सतरा सापडलं. लाल पेन, वर श्री. मग माझा हात थांबला. "शिमग्याला रंगूकाकीचं घर..."

"व्हय. बारा नंबर त्यात ड्रॉप हाय."

"मग दुसरी फाईल? दोन्ही घरं चालू असलेली?"

"तशी फाईलच न्हाय, वहिनी," दिनानाथ म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं, आवाजावरून कळत होतं. "तसा ठरावच कदी झाला न्हाय."

मी कमळकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात घड्याळ होतं, अकरा वाजले होते. म्हणजे वीस मिनिटं. मी स्वतःला सांगितलं, तेजूची परीक्षा दीड वाजता संपेल, दिनानाथ संध्याकाळी आला की बाराची ओळ काढून देईल, आमची काढतो तशी. तेवढ्या वेळात काय असं आभाळ कोसळणार आहे रंगूकाकीच्या घरात? रविवार आहे, ऋत्विक घरी झोपला असेल. हा सगळा विचार मी केला, म्हणायला. खरं तर बोट आधीच चालायला लागलं होतं. एकच बोट, दिनानाथसारखं. अक्षर अक्षर मोठ्याने वाचत. आयपीटेबल्स, आडवी रेघ, रिस्टोर, डावीकडे तोंड केलेला बाण, शिमगा.

"उतरवलं का?" तो म्हणाला.

"हो."

"आता एंटर मारा. तुम्हीच मारा. मी तर हितं हाय."

मी एंटर दाबला. पडद्यावर काहीच आलं नाही, नुसती नवी ओळ. मी विचारलं, "झालं का?" तो म्हणाला, "कायच आलं न्हाय ना? मग झालं. चूक असली तरच बोलते ती." आणि समाधानाने, अगदी समाधानाने पुढे म्हणाला, "बगा वहिनी, ठरावाच्या बाहेर आपन कायच केलेलं न्हाय."

आपण म्हणाला मेला! मला त्याचा राग आला, आणि फोन ठेवताना माझ्याच तोंडून निघालं, "थँक्यू हां, भाऊ."

घरी आले. दाराला कान लावला. आत तेजूचं इंग्लिश चालू झालं होतं. बोलायची परीक्षा. आधी जरा अडखळली, मग लागली बोलायला. मी ओट्याशी उभी राहून मासळी साफ करायला घेतली, नुसतीच, हाताला काम म्हणून. देवाला सांगितलं, आजचा दिवस दे, पुढचं मी बघते.

पावणेबाराला दारात रंगूकाकी. अनवाणी, पदर खांद्यावरून घसरलेला, हातात ऋत्विकचा जुना फोन.

"कल्पिता, तुझं नेट चालू हाय का गो?"

मी म्हटलं, "का, काय झालं?"

"सून माणगावला दवाखान्यात हाय. आज पाटे बाळंत झाली. ऋत्विक तिथंच गेलाय. फोनवर नातू दावत हुता. डोळे मिटून हुता, मी म्हनलं थांब, उघडंल आता, उघडंल. आनी गेलं. तेवड्यात गेलं बघ." तिने फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर गोल फिरत होतं. "पाऊण तास झाला, फिरतंय नुसतं. न्हाय पन म्हनत न्हाय."

मी तिला आत घेऊ शकले असते. फोन आमच्या नेटवर जोडून दिला असता, दोन मिनिटांचं काम. पण मग तिने विचारलं असतं, तुझं चालू कसं? आणि माझं बंद कसं? आणि ती हाक मारत फिरली असती, भागोजीकाका परत आले असते, कोणीतरी पडवीत जाऊन ती मशीन बंद-चालू केली असती. दीड वाजायला अजून पावणेदोन तास होते.

"आमचंपण गेलंय, काकी," मी म्हटलं. "लाइट गेली ना मघाशी."

"तुझंपण?"

"हो. सगळ्यांचंच गेलं असेल."

आतून तेजूचा आवाज आला. स्पष्ट, मोठा, इंग्लिश. ती कोणालातरी उत्तर देत होती, मधे थांबून समोरच्याचं ऐकत होती, हो हो म्हणत होती. दार लाकडाचं, जुनं. सगळं ऐकू येतं.

रंगूकाकी ऐकत उभी राहिली. मी ऐकत उभी राहिले. माझ्या हाताला मासळीचे खवले चिकटले होते, तेच मी बघत बसले.

मग तिने पदर सावरला, पायरी उतरली. अंगणात जाऊन थांबली, मागे वळली.

"तेजूला सांग," ती म्हणाली, "घाई नको करू म्हनावं. सावकाश बोल."

आणि ती टेकाडाच्या वाटेला लागली, फोन वर धरून, रेंज येते का बघत.